धुऱ्यावरची झुंज आणि अंगातली चरबी

मे महिना सरत आलेला असतो. वळवाचा एखादा सडाका पडून गेलेला असतो, वखरणी आटोपलेली असते. मोताळ्याकडे किंवा चिखलीकडे एखाद्या वावराच्या धुऱ्यावर दोन भल्यामोठ्या धामणी एकमेकींना पीळ घालून हातभर उंच उठतात, कोसळतात, पुन्हा उठतात. बघता बघता माणसे जमतात. कोणी मोबाइल काढतो, कोणी दुचाकी पिटाळून गावातून कोरे कापड आणतो. सापाच्या लग्नावर कोरे कापड टाकून ते तिजोरीत ठेवले की घरात बरकत येते, अशी समजूत बुलडाणा जिल्ह्यातच नव्हे, साऱ्या वऱ्हाडात आहे. गर्दीतला एखादा जाणता सांगतो, ‘त्यातला एक नाग आहे. धामीण ही मादी, तिचा नर नाग.’

या मंडपात नवरी नसतेच. पीळ घालून उभे राहिलेले दोन्ही साप धामण जातीचे असतात आणि दोन्ही नर असतात. ही त्यांची कुस्ती असते. अंगाचा पुढचा भाग उचलून प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर आपली मान चढवायची आणि त्याला जमिनीवर दाबायचे, एवढाच डाव. चावा सहसा घेतला जात नाही. कधी पाच-दहा मिनिटांत तर कधी तासाभराने एकाची ताकद संपते आणि तो निघून जातो. जिच्यासाठी हे सगळे चालले असते ती मादी जवळच्या झुडपात, बांधाच्या दगडांत किंवा बोरी-बाभळीच्या काट्यांत असू शकते. तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते, आणि तिच्या दृष्टीने ते बरेच असते.

खरे मीलन इतके देखणे नसते. नर मादीच्या पाठीवर लांबच्या लांब पसरतो, हनुवटी तिच्या अंगावर घासत पुढे सरकतो, मधूनमधून झटके देतो आणि शेवटी आपली शेपटी तिच्या शेपटीखाली वळवतो. दोघे जमिनीला टेकून, कधी कधी तासन्‌तास तसेच पडून राहतात. लांबून पाहणाऱ्याला दोन दोऱ्या पडल्यासारख्या वाटाव्यात. उभे राहणे, डोलणे, पीळ घालणे हा सारा खेळ नरानराचा. घोणस आणि नाग यांचे नरही असेच झुंजतात. धामणी दिवसाढवळ्या, उघड्या रानात आणि दीड-दोन मीटर लांबीच्या अंगाने झुंजतात, म्हणून त्यांचीच झुंज लोकांच्या डोळ्यांत भरते.

नाग आणि धामण यांचा संबंध मात्र आहे. मोठा नाग धामण खातो. नागाच्या आहारात उंदीर आणि बेडकांबरोबर इतर सापही असतात. धामणीत नर वेगळा, मादी वेगळी. नागात नर वेगळा, मादी वेगळी. धामणीला विष नाही, नागाला आहे. दोघे दोन वेगळ्या कुळांतले. त्यांची सोयरीक जुळवणाऱ्यांनी धामणीवर अन्यायच केला आहे, कारण त्या समजुतीपायी उंदरांचा फडशा पाडणारा हा बिनविषारी साप ‘नागाची बायको’ म्हणून काठीखाली जातो.

झुंजीचा सापांच्या अंगावर काय परिणाम होतो, याचा माग ऑस्ट्रेलियातले सर्पशास्त्रज्ञ रिचर्ड शाइन यांनी काढला. जगभरच्या शेकडो जातींची मापे तपासून त्यांनी दाखवले की सापांच्या बहुसंख्य जातींत मादी नरापेक्षा मोठी असते, पण ज्या जातींत नर झुंजतात तिथे नर मोठे होण्याकडे कल असतो. धामणीत तसेच दिसते. जिंकायला वजन लागते, वजनाला खाणे लागते, म्हणजे चांगला शिकारी असलेला नरच आखाडा मारतो. मादीच्या मोठेपणाचे कारण वेगळे. तिचे अंग जितके लांब-रुंद, तितकी अंडी किंवा पिल्ले त्यात मावतात.

मादी सापडते कशी, याचे उत्तर जिभेत आहे. मादीच्या कातडीवर स्निग्ध द्रव्ये असतात आणि ती जिथून जाते तिथे मातीवर, गवतावर, दगडावर त्यांचा माग राहतो. नर दुभंगलेली जीभ बाहेर काढून ते कण उचलतो आणि टाळूतल्या जॅकबसन इंद्रियापर्यंत पोचवतो. जिभेच्या दोन टोकांवरचा गंध कमीजास्त असला की कोणत्या बाजूला वळायचे ते कळते. त्या मागातून त्याला जात कळते आणि ही मादी आहे हेही कळते. नराचे जननेंद्रिय शेपटीच्या बुडाशी आत दडलेले असते आणि ते एक नसून जोडी असते. एका वेळी त्यातले एकच वापरले जाते. त्यामुळे नराची शेपटी बुडाशी जाड आणि एकूण लांब दिसते, मादीची गुदद्वारामागे चटकन निमुळती होते. पुष्कळ जातींत मादी नराचे बीज अंगात महिनोन्‌महिने साठवू शकते. एकट्या कोंडलेल्या मादीने बऱ्याच काळाने पिल्ले दिली की चमत्काराची बातमी होते, तिचे मूळ बहुधा या साठ्यात असते.

नर मागावरून येतो, ही गोष्ट आणखी एका समजुतीचा उलगडा करते. नाग मारला तर नागीण बदला घ्यायला येते, मारणाऱ्याचा चेहरा तिच्या डोळ्यांत उतरलेला असतो, असे सांगितले जाते. हिंदी सिनेमाने त्यावर बक्कळ पैसे मिळवले. चेहरे लक्षात ठेवून सूड घेण्याइतका सापाचा मेंदू विकसित नसतो. पण जुळणीच्या दिवसांत अंगणात मादी मारली गेली, तर तिचा गंध त्या जागी राहतो आणि एक-दोन दिवसांत त्याच गंधावर एखादा नर येऊन पोचणे अगदी शक्य आहे. आलेला असतो तो वराकडून. लोक त्याला सूडकरी समजतात आणि तोही मरतो.

हे जुळणीचे दिवस सगळ्यांचे सारखे नाहीत. घोणशीचा हंगाम हिवाळ्यात येतो. तूर कापणीला आलेली, हरभरा घाटे धरू लागलेला, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली, आणि उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर लागलेले असतात. एरवी रात्री हिंडणारी घोणस थंडीत दिवसा उन्हाला येऊन पडते. नर मादीच्या शोधात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भटकतात. पहाटे हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला माणूस आणि मागावर निघालेला नर एकाच दांडावर येतात ते यामुळे. नागाची जुळणीही बहुतांशी हिवाळ्यातच होते. धामणीचा गोंधळ उन्हाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत चालतो.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाच्या गावाजवळ याच्या अगदी उलटे दृश्य असते. तिथला हिवाळा इतका कडक की गार्टर नावाचे बिनविषारी साप चुनखडीच्या कपारींत हजारोंनी एकत्र दडून वर्षातले जवळजवळ आठ महिने काढतात. वसंतात आधी नर बाहेर येतात आणि दाराशीच थांबतात. एकेक मादी वर आली की तिच्याभोवती डझनांनी नर गोळा होऊन सापांचा जिवंत गुंडाच तयार होतो. तिथे झुंज नाही, नुसती रेटारेटी. त्या काळात नर काही खात नाहीत आणि साठवलेल्या चरबीवर दिवस काढतात. बुलडाण्यात, घाटावर डिसेंबरची थंडी कितीही बोचली तरी, सापाला असा दीर्घ तुरुंगवास नाही. इथे खरा अडसर उन्हाचा. मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला की काळ्या जमिनीच्या भेगा, उंदरांची बिळे, जुन्या विहिरींची दगडी बांधणी आणि कुटाराच्या कोठ्या यांतच साप दिवस काढतात.

मीलन झाले म्हणजे पिल्ले होतीलच असे नाही. इथे मुद्दा येतो अंगातल्या चरबीचा.

सापाच्या पोटात, आतड्यांच्या बाजूने, पिवळसर पांढऱ्या चरबीच्या लांबट पट्ट्या असतात. मादी अंड्यांतला बलक याच साठ्यातून तयार करते. फ्रान्समध्ये झेव्हिअर बॉने आणि गी नोलो यांनी ॲस्प नावाच्या घोणसवर्गीय सापावर वर्षानुवर्षे काम केले. रानातल्या माद्या पकडायच्या, मोजायच्या, तोलायच्या, सोडायच्या आणि पुन्हा पकडायच्या. त्यातून दिसले की मादीचे वजन तिच्या लांबीच्या मानाने एका ठरावीक पातळीच्या वर असेल तरच ती त्या वर्षी अंडी धरते. पातळी गाठली नाही तर वर्ष सोडून देते. दोन-तीन वर्षे साठवण करायची, एकदाच सगळे खर्च करायचे. अनेक माद्या तर आयुष्यात एकदाच वितात आणि त्या खर्चातून सावरतच नाहीत. नराला एवढा साठा लागत नाही. त्याचा खर्च भटकण्यावर आणि झुंजीवर होतो.

बुलडाण्याच्या घोणशीची गोष्ट याच वाटेने समजते. ती अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. हिवाळ्यातल्या मीलनानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ ती पिल्ले पोटात वागवते आणि बहुधा जून-जुलैमध्ये विते. एका वेळी वीस ते चाळीस पिल्ले ही नेहमीची गोष्ट, कधी त्याहूनही जास्त. मृगाची पेरणी होऊन सोयाबीन चार पानांवर आलेले असते तेव्हा वीत-सव्वा वीत लांबीची, जन्मापासून विषारी असलेली ही पिल्ले वावरात पांगतात. पोटात पिल्ले असताना मादी फारशी शिकार करत नाही, उन्हात जास्त पडून राहते. व्याली की तिच्या वजनाचा मोठा हिस्सा एका दिवसात जातो आणि मागे राहते ती चुरगळलेल्या कातडीची, कण्याची धार वर आलेली मादी. तिला पाहून लोक ‘म्हातारा सरप’ म्हणतात. ती म्हातारी नसते, बाळंतीण असते.

नागाची मादी एप्रिल ते जुलैच्या दरम्यान उंदराच्या बिळात किंवा वारुळात दहा-वीस, कधी तीस अंडी घालते आणि सुमारे पन्नास ते सत्तर दिवस, पिल्ले बाहेर पडेपर्यंत, त्यांच्याजवळ राहते. धामण सहा ते पंधरा अंडी घालते. मण्यारीची अंडी त्याहून थोडी कमी. अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून बसते आणि बसलेल्या काळात जवळजवळ काही खात नाही. इथल्या अजगराचा सख्खा भाऊबंद असलेल्या म्यानमारी अजगराच्या मादीला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात तापमापक लावून पाहिले गेले, तेव्हा ती स्नायू आखडून-सोडून स्वतःचे अंग तापवते आणि अंड्यांना ऊब देते, हे १९६६ साली प्रसिद्ध झाले. थंड रक्ताच्या म्हणवल्या जाणाऱ्या प्राण्याने उष्णता तयार करायची म्हणजे चरबीच जाळायची.

एका सापाने मात्र हा सगळा व्याप टाळला आहे. कुंडीतल्या मातीत गांडुळासारखा वळवळणारा वाळा घ्या. या जातीत नर नाहीतच. मादी एकटीच अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. रोपांच्या मातीबरोबर जगभर पसरायला त्यामुळे एक वाळाही पुरतो.

आता रानात दिसलेला साप सुदृढ आहे की नाही, हे ओळखायचे कसे? लांबीवरून मुळीच नाही. अमेरिकेत मार्शल मॅक्यू यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन जातींच्या सापांना सुमारे साडेपाच महिने काहीही खायला दिले नव्हते. सापांनी आपल्या शरीराचा खर्च खाली आणला, काहींनी ७२ टक्क्यांपर्यंत. आणि विशेष म्हणजे त्या उपासातही ते लांबीने थोडे वाढले. म्हणून अभ्यासक लांबी आणि वजन दोन्ही एकत्र पाहतात. नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत एक माप, शेपटीचे दुसरे आणि मग वजन. त्याच लांबीच्या इतर सापांपेक्षा हा भारी की हलका, यावरून त्याचे बरे चालले आहे की नाही ते ठरते.

डोळ्यांनीही बरेच कळते. अंग भरलेले, गोलसर, पाठीचा कणा मांसात बुडालेला, शेपटीचे बूड भरीव असेल तर साप ठीक आहे. पाठीवर धार, दोन्ही बाजूंना खोलगट पन्हाळ, वळताना कातडीला सुरकुत्या आणि खोल गेलेले डोळे असतील तर उपास, तहान किंवा आजार. जात माहीत नसेल तर इथे फसायला होते. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या पट्टेरी मण्यारीची पाठ जन्मतःच छपरासारखी धारदार असते; ती उपाशी नसते. डोळे निळसर-दुधाळ झाले असतील तर कात टाकण्याची वेळ जवळ आली आहे. त्या दिवसांत साप खात नाही आणि धड दिसत नसल्याने चिडका होतो. पोटाचा फुगवटा मध्यावर, एकाच जागी असेल तर भक्ष्य, मागच्या निम्म्या अंगात सलग पसरलेला असेल तर बहुधा अंडी किंवा पिल्ले. नुकत्याच जेवलेल्या सापाला हात लावला किंवा हुसकले तर तो गिळलेले ओकून टाकतो आणि कित्येक दिवसांची कमाई एका क्षणात जाते.

नागपंचमीला दूध पिणाऱ्या नागाचे रहस्यही याच यादीत शोधावे लागेल. गारुड्याच्या टोपलीतल्या नागाचे दात आधीच मोडलेले असतात, कधी तोंडही शिवलेले असते आणि सणाआधी कित्येक दिवस त्याला पाणी दिलेले नसते. तहानेने कासावीस झालेला प्राणी समोर आलेला कोणताही द्रव पितो. ते दूध त्याला पचत नाही, काही वेळा फुप्फुसांत जाते आणि सण संपल्यावर काही दिवसांत नाग मरतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडणे, बाळगणे आणि खेळवणे गुन्हा ठरवले आहे. टोपल्या आता बऱ्याच कमी झाल्या आहेत. श्रद्धेचा भाग म्हणून कोणी त्यांचे समर्थन केले तर त्या नागाची पाठ एकदा बोटाने चाचपून पाहावी.

वजनाचा सर्वांत विपरीत व्यवहार मांडुळाच्या वाट्याला आला आहे. दोन्ही टोके बोथट असलेला, मातीत राहणारा, उंदीर खाणारा हा निरुपद्रवी साप गुप्तधन शोधून देतो, नशीब उघडतो, असल्या थापांवर महाराष्ट्रभर त्याची तस्करी चालते. भाव ठरतो किलोवर. जितके वजनदार मांडूळ, तितका आकडा फुगवलेला. त्यापायी मांडुळांना कोंबून खाऊ घातल्याचे आणि अंगात धातूच्या गोळ्या घातल्याचे प्रकार झाले आहेत. शिवाय मांडुळात मादी नरापेक्षा मोठी. भारी मांडूळ हवे म्हणून रानातून आधी उचलली जाते ती पूर्ण वाढलेली, कदाचित पोटात पिल्ले असलेली मादी. ही मादी भरून यायला किती वर्षे लागली असतील, याचा हिशेब वजनकाट्यावर होत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या सापाची नोंद आता ‘संकटाच्या जवळ’ अशी आहे.

साप आणि माणूस यांची गाठ टळणारी नाही. देशभरातल्या मृत्यूंचा माग घेणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’नुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत. पेरणी, निंदण आणि सर्पपिल्लांचे जन्म हे सगळे याच चार महिन्यांत येते. बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात साप न मारता उचलून नेणारी माणसे तयार झाली, हे मोठेच काम आहे. मेहकर भागातल्या वनिता जगदेव बोराडे यांचे नाव त्यात अर्थातच पुढे. हजारो साप पकडून सोडणाऱ्या या सर्पमैत्रिणीला २०२० सालचा राष्ट्रीय नारीशक्ती पुरस्कार ८ मार्च २०२२ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते मिळाला.

पकडलेला साप सोडायचा कुठे, हा प्रश्न पकडण्याइतकाच नाजूक आहे. ज्ञानगंगा अभयारण्य जवळ आहे, अंबाबरवा आहे, तेव्हा गावातला साप जंगलात नेऊन सोडणे पुण्याचे वाटते. पण धामण किंवा नाग जंगलात उंदीर शोधत बसला नव्हता. तो कुटाराच्या ढिगाजवळ, शेतातच पोसला गेला होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात खुळखुळ्या सापांना रेडिओ बसवून दूर सोडले गेले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हलवलेल्या सापांपैकी निम्म्याहून अधिक मेले. त्याच जंगलातल्या मूळ सापांत हे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. नव्या जागी आणलेले साप वेड्यासारखे हिंडत राहिले, कारण बिळे, पाणी, शिकार आणि थंडीतला आसरा यांचा नकाशाच त्यांच्याकडे नव्हता. हिंडण्यात चरबी जळते. पोटात पिल्ले असलेली घोणस ऐन मेमध्ये वीस-तीस किलोमीटर दूर नेली, तर तिच्यासाठी तो हिशेब फार कठीण होतो. शक्य तिथे सापडल्या जागेच्या जवळच, वस्तीपासून थोडा आडोसा पाहून सोडणे बरे.

जिल्ह्यातल्या प्रत्येक सर्पमित्राने एक साधी वही ठेवली तर फार मोलाचे काम होईल. तारीख, गाव, जागा (सुडी, गोठा, विहीर, पऱ्हाटी), जात, नर की मादी, कण्याला धार आहे का, मागचे पोट भरलेले आहे का. पिशवीसकट वजन करायचे आणि रिकाम्या पिशवीचे वजा करायचे. तेवढ्यासाठी विषारी सापाला पुन्हा हात लावावा लागत नाही. पाच-सात पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या की पाऊस ओढ धरतो त्या वर्षी घोणशी वितात की वर्ष सोडून देतात, हे बुलडाण्याच्या स्वतःच्या आकड्यांतून दिसू लागेल. लांबीसाठी पडलेली कात मात्र मोजू नये. उतरताना ती ताणली जाते आणि मूळ सापापेक्षा बरीच लांब भरते.